मळ्यातली पहिली बाई

चमकी निघत नव्हती. अपेक्षानं रबरी हातमोज्यातल्या बोटांनी ती पुन्हा एकदा फिरवून पाहिली. नाकपुडी थंडगार होती आणि आतल्या बाजूनं फिरकी कातडीत रुतून बसली होती. शेवटी तिनं उजव्या हाताचा मोजा काढला, फिरकी नखात धरली आणि श्वास रोखून फिरवली. ती सुटली. तिच्यासोबत नाकातून गुलाबीसर पाण्याचा थेंब आला आणि अपेक्षाच्या बोटावर पसरला.

ती बेसिनकडे धावली. उमासे आले, पण बाहेर काही पडलं नाही.

"पहली बार?" दारात उभ्या असलेल्या केरळी नर्सनं विचारलं.

"हां."

"ये आपकी कौन हैं?"

"आंटी," ती म्हणाली. "पहचान की."

टेबलावर पारू होती. हुफूफच्या बाहेर खजुरीच्या बागा संपून वाळू सुरू होते, तिथे कफिलाच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, शेताच्या कडेला तिचा मळा होता. त्या मळ्यातच पाटाचं पाणी फिरवताना ती कोसळली आणि हॉस्पिटलात आणेपर्यंत सगळं संपलं. आता देहात औषध भरून झालं होतं. कफिलाचा कागद मिळाला की नवऱ्यासोबत तिला विमानानं मुंबईला आणि तिथून कुडाळला जायचं होतं. त्याआधी साडी नेसवायला मंडळातली कुणीतरी बाई हवी होती. मंडळ म्हणजे खोबर-दम्मामकडची पन्नासेक मराठी कुटुंबं. कागदोपत्री कुठे नसलेलं, पण गणपती, हळदीकुंकू आणि सहली नेमानं करणारं. विद्याताई म्हणाल्या होत्या, "मला बीपी आहे गं, माझ्याच्यानं नाही व्हायचं." कुणाच्या मुलांच्या परीक्षा होत्या, कुणाला मयत बघवत नव्हतं. अपेक्षाला मूल नव्हतं आणि ऐन वेळी कारण शोधण्याची चपळाईही नव्हती.

तिनं नवा मोजा चढवला आणि कामाला लागली. पारूच्या नखांत माती होती. ओल्या कापसानं कितीही पुसली तरी जाईना. ओठ किंचित उघडे होते आणि आत मिश्रीनं काळे पडलेले दात दिसत होते. अपेक्षानं तिकडे बघायचं टाळलं. साडी गडद जांभळी, जरीकाठाची होती. गेल्या जानेवारीतल्या हळदीकुंकवाच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून आणलेली आणि जिंकणारीला रंग आवडला नाही म्हणून विद्याताईंच्या कपाटात पडून राहिलेली. पारू आयुष्यभर मॅक्सीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून वावरली. ह्या साडीत ती कुणी वेगळीच बाई दिसायला लागली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये श्यामकांत गोखले उभे होते. विद्याताईंचे यजमान, मंडळाचे अध्यक्ष, स्वतःची बांधकाम कंपनी चालवणारे. फोन कानाला होता, तो त्यांनी छातीशी धरला.

"झालं? साडी शोभली ना? फोटो घेतलास?"

"कसला फोटो?"

"अगं, चेहऱ्याचा. मोबाइलवर एक घ्यायचास पटकन. शुक्रवारी श्रद्धांजलीला लावला असता. एवढं आपण सगळं करतोय तिच्यासाठी."

अपेक्षानं त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या अंगाला ऊदाच्या अत्तराचा वास येत होता. आतल्या खोलीतल्या वासानं झालं नव्हतं ते आता झालं; घशाशी आंबट पाणी आलं. ते तिनं गिळलं.

बाकावर पारूचा नवरा बाळाराम बसला होता. पंपाच्या ग्रीसनं कायमचे काळे झालेले हात गुडघ्यांवर पालथे. अपेक्षानं चमकी त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं मूठ मिटली आणि मान हलवली, एवढंच.

थोड्या वेळानं फैसल आला. म्हातारा कफील दोन वर्षांपूर्वी वारला तेव्हापासून सगळा कारभार ह्या मुलाकडे होता. तिशीतला, देखणा, पांढऱ्याशुभ्र पायघोळ थोबमध्ये. त्यानं बाळारामच्या खांद्यावर हात ठेवून अरबीत दोन शब्द दुःखाचे काढले, फाइलवर सही केली, मग श्यामकांतांना बाजूला घेऊन तो इंग्रजीत बोलू लागला. अपेक्षा तीन पावलांवर उभी होती. त्यांनी आवाज कमी करण्याचीही तसदी घेतली नाही.

मळ्याच्या जागी फैसलला इस्तिराहा बांधायची होती, म्हणजे सुट्टी घालवायला भाड्यानं द्यायची विश्रामबाग. दुधी-दोडक्याचा मांडव आहे तिथे पोहण्याचा तलाव, अळूच्या खाचरात हिरवळ, पत्र्याच्या खोलीच्या जागी हॉल. बांधणार श्यामकांत. बाळारामच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, कायमच्या परतीचा शिक्का बसणार. बायकोच्या पेटीसोबत तोही जाणार.

"यल्ला, खलास," फैसल म्हणाला आणि गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत निघून गेला.

श्यामकांत अपेक्षाकडे वळले. "बघ, सगळ्यांचंच चांगलं झालं. काकांना तरी आता इथे कोण आहे? आणि मी फैसलला सांगितलंय, हॉलवर पारूताईंचं नाव लावायचं. मराठीत. आपल्या पायोनियर होत्या त्या."

परत खोबरला जाताना तिचा नवरा नागेश गाडी चालवत होता. अपेक्षानं ऐकलेलं सगळं त्याला सांगितलं.

"मग?" तो म्हणाला.

"मग म्हणजे? तिची माती अजून नखांत आहे रे. आणि हे तलाव कुठे खोदायचा ते ठरवतायत. ती आत असताना, दारात उभं राहून."

"जमीन फैसलची आहे. आपण कशाला पडायचं त्यात? श्यामकांत उद्या आमच्या प्लँटचं काम घेतोय. रोज तोंड बघायचंय मला त्याचं."

अपेक्षानं काच खाली केली. तापलेली वाळू तोंडावर आली तशी पुन्हा वर केली. नवऱ्याच्या हाताकडे, गिअरवरच्या त्या स्वच्छ, कापलेल्या नखांच्या हाताकडे बघून तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की ह्या हातानं आज आपल्याला शिवू नये.

पारूची गोष्ट मंडळात सगळ्यांना पाठ होती, कारण श्यामकांत ती दर सहलीला नव्या माणसांना सांगत. चौऱ्याऐंशी साली ती आली ती मोलकरणीच्या व्हिसावर, कफिलाच्या अंथरुणाला खिळलेल्या आईची सेवा करायला. बाळाराम त्याच गावात मजुरांच्या कॅम्पमध्ये, ती बंगल्याच्या बायकांच्या भागात. नवराबायको एका गावात राहून महिनोन् महिने भेटत नसत. त्यांची धाकटी मुलगी अमिता कुडाळला मावशीकडे वाढली. म्हातारी गेली तेव्हा कफिलानं खूश होऊन दोघांना शेताच्या कडेला पत्र्याची खोली दिली आणि पुढची जमीन दाखवून म्हणाला, करता येईल ते करा आणि खा. तिथे, श्यामकांत सांगत, गवताची काडी नव्हती. मिठाचा पांढरा पापुद्रा होता नुसता. कोकणातल्या बाया कातळावर टोपलीनं माती वाहून वाफे करतात, तसं तिनं केलं. मीठ खरवडलं, शेण वाहिलं, पाट ओढला. आणि आज बघा!

आज बघा म्हटलं की सगळे बघत. भेंडी, गवार, दोडकी, अळू, शेवगा, कढीलिंब. मग पारू चुलीवर भाकऱ्या टाकी आणि मंडळी जेवत. निघताना गाड्यांच्या डिक्क्या भरत.

अपेक्षाला ती जागा पहिल्यापासून आवडली नव्हती. लग्न होऊन नाशिकहून आली तेव्हा पहिल्याच महिन्यात नागेश तिला तिथे घेऊन गेला. कतीफच्या मासळीबाजारातली डोकी, आतडी, कल्ले पारू ड्रमात कुजत घाली, खतासाठी. झाकण उघडलं की विद्याताईंचा ओम नाक धरून "यक्! इट स्टिंक्स, मम्मा!" म्हणत पळे. पारू त्याच ड्रमात कोपरापर्यंत हात घालून ढवळी, तोच हात शर्टाला पुशी आणि भाकरी थापायला बसे. अपेक्षा त्या दिवशी शेवग्याखाली जाऊन भडाभडा ओकली. पारू तांब्या घेऊन मागे आली.

"किळस इली?" तिनं विचारलं.

अपेक्षाला लाज वाटली. "सॉरी, मावशी."

"सॉरी कित्याक? माकाय येता. रोज येता. म्हणान काय कामां रवतत?"

आणि ती काळे दात दाखवून हसली होती. एवढीच त्यांच्यातली ओळख. अपेक्षा त्यानंतरही तिथे जेवताना भाकरीचा पापुद्रा तेवढा खाई आणि खालचा भाग हळूच कुत्र्याला टाकी. पारूच्या ते लक्षात आलं असावं. पुढे पुढे ती अपेक्षाच्या पानात खबूस, म्हणजे अरबी पाव, वाढायला लागली, दुकानातून आणलेला, प्लॅस्टिकच्या पिशवीतला. बोलली कधी नाही.

शुक्रवारी दहा-बारा गाड्या मळ्यावर आल्या. पेटी त्याच रात्रीच्या विमानानं जायची होती, म्हणून श्रद्धांजली सकाळीच उरकायचं ठरलं. मे महिना होता; नऊ वाजताच पत्रा तडतडायला लागला. शेवग्याला बॅनर बांधला होता. फोटो म्हणून जुन्या सहलीतला एक मोठा करून आणला होता, त्यात पारूच्या खांद्यावर श्यामकांतांच्या हाताचा तुकडा राहिला होता.

श्यामकांत बोलले. पायोनियर म्हणाले, अन्नपूर्णा म्हणाले, वाळवंटात कोकण फुलवलं म्हणाले. इथे पाऊल ठेवणारी ती पहिली बाई, म्हणाले. दोन मिनिटं शांतता पाळली गेली. त्या शांततेत ठिबकणाऱ्या नळाचा आवाज येत राहिला आणि कुणाचा तरी फोन वाजला.

मग विद्याताई अबायाच्या बाह्या सारत म्हणाल्या, "चला, आता हे सगळं उद्या-परवा जेसीबी येऊन जाणारच आहे. वाया जाण्यापेक्षा घेऊन टाकूया. पारूताईंनासुद्धा तेच आवडलं असतं."

बायका वाफ्यांत शिरल्या. काळ्या अबायांचे घोळ कमरेला खोचून त्या भराभर तोडायला लागल्या. भेंडीला कात्री लागते हे कुणाच्या गावीही नव्हतं; ओढून, पिरगाळून झाडंच हातात येत होती. कुणी अळू मुळासकट उपटलं, कुंडीत लावायला. कुणी कढीलिंबाची फांदी मोडली. दुधीवरून दोघींची किंचित वादावादी झाली आणि ती हसण्यावारी गेली. ओम मांडवाच्या बांबूला लोंबकळत होता. घामाच्या, अत्तराच्या आणि चुरडलेल्या पानांच्या वासाची सरमिसळ होऊन हवा जड झाली. माशांचे ड्रम तसेच कोपऱ्यात बंद होते. अपेक्षाला वाटलं, त्यांची झाकणं उघडावीत, एकेक करून. तो वास ह्या वासापेक्षा प्रामाणिक तरी होता.

ती खोलीच्या सावलीत उभी राहिली. बाळाराम दारात स्टुलावर बसून पिशव्या वाटत होता. लुलू, पांडा अशा सुपरमार्केटांच्या, घडी घालून जपून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या. बायका येत, "काका, अजून एक आहे का?" विचारत, आणि तो एक काढून देई. वर "मागच्या वाफ्यात गवार आसा," असंही सांगे. त्याच्या त्या अदबीचीसुद्धा अपेक्षाला शिसारी आली.

"काका," ती त्याच्याजवळ जाऊन दबल्या आवाजात म्हणाली, "इथे काय होणार आहे ते सांगितलं का तुम्हाला कोणी?"

"हॉल बांधतले. पव्हचां तळां." तो शांतपणे म्हणाला. "गोखल्यांनी सांगलां. नकाशो दाखवल्यानी."

"आणि तुम्ही त्यांनाच पिशव्या देताय? तुम्हाला राग नाही येत? मला तर..." तिचा आवाज चढला, तो तिनं आवरला. "मला थुंकावंसं वाटतंय, काका. खरंच. ह्यांच्या तोंडावर."

बाळारामनं पहिल्यांदा नीट मान वर करून तिच्याकडे बघितलं. मग बाजूचा प्लॅस्टिकचा क्रेट पालथा घालून तो म्हणाला, "बस गो, चेडवा."

ती बसली.

"हयसर रेती होती म्हणतत ना सगळे? काडी नव्हती म्हणतत. पारू पयली म्हणतत. तसां काय नाय. आमी इलांव तेव्हा हयसर भेंडी लागलेली होती."

"कुणाची?"

"एक यमनी होतो. तो, तेची बायल, पोरां. ह्याच खोलीत रवत. मीठ काढलां ता त्या बायलेन काढलां. पाट तिचो. तो बांध दिसता, तो तिचो." त्यानं हनुवटीनं दाखवला. "मगे ती कुवेतची लढाई इली. तेंचो देश दुश्मनाच्या बाजून म्हणान यमन्यांका सगळ्यांका जावचां पडलां. तू ल्हान असशीत तेव्हा. आमच्या कफिलान सांगलां, खोली रिकामी झाली, जावन रवा. आमका काय, सोन्यासारखां वाटलां. सहा वर्सां एकत्र रवाक गावलेलां नाय."

दोडक्याच्या मांडवाखालून हसण्याचा आवाज आला. तो थांबण्याची बाळारामनं वाट पाहिली.

"संध्याकाळी इलांव. चुलीत निखारे होते, अजून लाल. पारू सरळ वाफ्यात गेली नि भेंडी काढूक लागली. मी म्हटलंय, रवांदे गो, लोकांची आसा. तर म्हणाली, उद्याक जून होतली, मगे कोण खातलो?"

अपेक्षानं वाफ्यांकडे बघितलं.

"ट्रक रस्त्यार उभो होतो. माका दिसलो नव्हतो. त्यात ती बायल बसलेली, गाठोड्यार, पोरांका घेवन. सगळां बगी होती. पारूचां लक्ष गेलां तशी ती ओटीत भेंडी घेवन तिच्याकडे गेली. काय बोलली, माका म्हायत नाय. पारूक अरबी येय, म्हातारेकडे शिकलेली. बोलली कायतरी. भेंडी पुढे केल्यान. ती बायल वाकली नि थुंकली. हयसर." त्यानं स्वतःच्या गालफडाला बोट लावलं. "ट्रक गेलो."

"मग?"

"मगे काय. परत इली, चूल फुकल्यान, भेंडी केल्यान. आमी जेवलांव. गाल पुसल्यान नाय. तसोच सुकांदिल्यान. मी म्हटलंय, धुय गो. तर म्हणाली, तिचां बरोबर आसा."

तो उठला. आतून आणखी पिशव्या घेऊन आला आणि पुढे आलेल्या एका बाईला त्यातली एक दिली. ती "थँक यू हं काका, काळजी घ्या" म्हणून गेली.

"ह्या लोकांका तिनां किती येळा सांगल्यान. मी पयली नाय, म्हणी. हे हसत. म्हणत, पारूताई किती साध्या. मगे तिनां सांगणां सोडल्यान."

ऊन आता सावलीच्या आत शिरलं होतं. मळ्यात बघण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. वाफे तुडवले गेले होते, मांडव एका बाजूनं कलला होता. नागेश गाडीजवळ उभा राहून घड्याळाकडे बघत होता. त्याच्याही हातात एक दुधी होता; कुणीतरी दिला असावा.

"त्या बाईचं नाव काय होतं?" अपेक्षानं विचारलं.

बाळाराम विचारात पडला. "तेचां नाव सालेह. तेचां याद आसा." मग त्यानं मान हलवली. "तिचां माका नाय म्हायत. पारूक म्हायत होतां."

हातातली शेवटची पिशवी त्यानं उलगडली. वाकून, खोलीला लागून असलेल्या वाफ्यातली, कुणाच्या नजरेतून सुटलेली मूठभर भेंडी त्यानं खुडली. एकेक देठ अंगठ्याच्या नखानं नीट कापून, झाडाला धक्का न लावता. पिशवीला गाठ मारून त्यानं ती तिच्यासमोर धरली.

"घे गो. उद्याक जून होतली."

अपेक्षा त्या पिशवीकडे बघत राहिली. मग तिनं हात पुढे केला.

वाटेत विद्याताई भेटल्या. दोन्ही हातांत ओझं, चेहरा लालबुंद. अपेक्षाच्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्या मनापासून हसल्या.

"घेतलीस ना तूही? बरं केलंस. सकाळपासून तोंड फिरवून उभी होतीस, मला वाटलं रागावलीस की काय."

"नाही," अपेक्षा म्हणाली.

गाडीत बसल्यावर नागेशनं पिशवी मागे ठेवू का विचारलं. तिनं ती दिली नाही. गाडी वळून रस्त्याला लागेपर्यंत ती काचेतून मागे बघत होती. दारात उभा असलेला बाळाराम, आणि त्याच्या पुढ्यात उपटलेल्या वाफ्यांमधून अजूनही काहीतरी शोधत फिरणाऱ्या त्या बायका.